आधीची गोष्ट, मागाहून

आमच्या घरात या उन्हाळ्यात चांगला आठवडाभर एक तंटा चालला होता. तंट्याचे कारण शेजारी, मोलकरीण किंवा मी भरायला विसरलेले विजेचे बिल यांपैकी काहीही नव्हते. सात पुस्तकांपैकी पहिले कोणते, एवढाच प्रश्न होता. एका पक्षी मी, म्हणजे गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवणारा आणि निदान पुस्तकांच्या बाबतीत तरी घरात आपला शब्द शेवटचा असावा अशी माफक अपेक्षा बाळगणारा गृहस्थ. दुसऱ्या पक्षी आमची कन्या, वय वर्षे अकरा. आणि न्यायासनावर सौ.; कारण सातांपैकी एकही पुस्तक तिने वाचलेले नसल्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल दोन्ही पक्षांची खात्री होती.

पुस्तके म्हणजे बेलफास्टला जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला मास्तरकी केलेल्या सी. एस. लुइस यांची, नार्निया नावाच्या अद्भुत देशाची. कन्येच्या मामांनी वाढदिवसाला सातांचा संच दिला. संचातल्या प्रत्येक पुस्तकावर क्रमांक छापलेला. एक नंबरवर ‘द मॅजिशियन्स नेव्ह्यू’, आणि मी ज्याला जन्मभर पहिले मानत आलो ते, कपाटातून दुसऱ्या जगात शिरण्याचे, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, दोन नंबरवर!

“हे चूक आहे,” मी म्हणालो. “कपाटाचं पुस्तक निघालं १९५० साली. हे तुझं एक नंबरचं १९५५ साली. ते सहावं आहे.”

“मग त्यावर एक का छापलंय?”

“कारण त्यातली गोष्ट सगळ्यांच्या आधी घडलेली आहे.”

“मग आधी घडलेलं आधी वाचायचं नाही?”

न्यायासनाने या ठिकाणी मान डोलावली, आणि खटला आपल्या विरुद्ध जाणार हे मी ओळखले.

खरे सांगायचे तर कन्येच्या बाजूला फार मोठा साक्षीदार होता, आणि तो मी लपवून ठेवला होता. १९५७ साली अमेरिकेतल्या एका मुलाचा आपल्या आईशी हाच वाद झाला. त्याने सरळ लुइससाहेबांनाच पत्र घातले. साहेबांनी उत्तर पाठवले की मला आईपेक्षा तुझाच क्रम अधिक पसंत आहे. पण कोणत्या क्रमाने वाचावे याला कदाचित एवढे महत्त्वही नसेल. पुढे १९९४ मध्ये प्रकाशकांनी घटनाक्रमाने नवे क्रमांक घातले ते याच पत्राच्या आधारावर. लेखकच जिथे फितूर झाला तिथे वाचकाने लढावे कोणाच्या जिवावर? तरी मी लढलो. कारण या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे : वर्गात एकदा सांगितलेला सिद्धान्त मी घरात सोडत नाही.

माझा सिद्धान्त असा होता. धाकटी ल्यूसी घर धुंडाळताना कपाटात शिरते, फरचे कोट बाजूला सारीत पुढे जाते, पायांखाली लाकडाऐवजी बर्फ लागते, आणि त्या ओसाड, गोठलेल्या रानात तिला काय दिसते? तर रस्त्यावरचा एक दिवा! ना रस्ता, ना गाव, ना नगरपालिका. मध्येच एक दिव्याचा खांब उभा आहे आणि जळतो आहे. हा खांब तिथे कोणी रोवला हे लेखक सांगत नाही, म्हणूनच तो जन्मभर डोळ्यांपुढून हलत नाही. खुलासा हा कथेचा शत्रू आहे असे मी दरवर्षी जुलैमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो आणि उदाहरण म्हणून हा खांब देतो. मुले ते उतरवून घेतात, आणि ऑक्टोबरच्या उत्तरपत्रिकांत तो खांब मला निरनिराळ्या लेखकांच्या नावावर जमा झालेला आढळतो. असो. लुइसच्या मित्रानेच त्याला विचारले म्हणतात, की अरे, तो खांब तिथे आला कसा? आणि त्यातून ही आधीची गोष्ट निघाली. असले मित्र लेखकाला नसावेत, असे माझे मत होते.

‘होते’ म्हणतो, कारण हे मत मी ते पुस्तक न वाचता बनवलेले होते.

आता हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

१९९० सालच्या जूनमध्ये मला सांगलीहून पुण्याला मावशीकडे आणून ठेवले. मी अकरा वर्षांचा होतो. आईला मिरजेच्या एका इस्पितळात ठेवले होते. वडील नोकरी सांभाळून सांगली-मिरज खेपा घालीत होते. मला पुण्याच्या शाळेत घातले याचे कारण ‘इथली शाळा चांगली आहे’ असे सांगण्यात आले. अकरा वर्षांच्या मुलाला मोठी माणसे समजतात त्यापेक्षा बरेच अधिक कळते. मावशी शेजारच्या काकूंशी बोलताना मी आत आलो की त्या दोघी एकदम भाज्यांच्या भावावर येत.

मावशीचे यजमान, आमचे काका, शाळेत इंग्रजी शिकवीत. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत, आणि खोटे बोलण्याच्या बाबतीत इतके अडाणी की दारावर वर्गणी मागायला आलेल्यांना “साहेब घरात नाहीत” असे स्वतः सांगताना ते लाल होत. रात्रीची जेवणे झाली की ते गॅलरीतल्या खाटेवर बसत, एका बाजूला वीरकरांची डिक्शनरी आणि दुसऱ्या बाजूला मी, आणि मांडीवर तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले पुस्तक. इंग्रजी डोळ्यांनी वाचायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे अशी त्यांची रीत. मधे अडत नसत. आज मला कळते की ते भाषांतर नव्हते, कीर्तन होते. शेळीच्या पायांचा तो टम्नस काकांच्या तोंडी ‘तुंबरू’ झाला होता. चेटकीण एडमंडला जी मिठाई खायला घालून फितवते, तिचा त्यांनी माहीमचा हलवा केला. पुढे खरा माहीमचा हलवा मी प्रथम खाल्ला तेव्हा यासाठी सख्ख्या भावंडांना विकावे असे त्यात मला काही आढळले नाही. आणि त्या चेटकिणीच्या राज्यात वर्षभर थंडीच असते पण नाताळ कधी येत नाही असे जे आहे, तिथे काकांनी नाताळ काढून दिवाळी घातली. थंडी पडून राहिली आहे आणि दिवाळी येतच नाही! मला ते किती भयंकर वाटले ते काय सांगू.

गॅलरीतून वाड्याच्या कोपऱ्यावरचा नगरपालिकेचा दिवा दिसे. काका खांबाच्या वर्णनाशी आले तेव्हा त्यांनी नुसते बोट तिकडे केले.

अशी पाच पुस्तके त्या वर्षी झाली. चौथे संपून पाचवे, बोलणाऱ्या घोड्याचे, सुरू होते तेव्हा सप्टेंबरात आई गेली. गणपती नुकतेच उठले होते. मी सांगलीच्या गणपतीला एक नवस बोलून ठेवला होता, की आई बरी होऊ दे, मी जन्मात आंबा खाणार नाही. हे मी कोणाला सांगितले नव्हते. पुढल्या मे महिन्यात मावशीने माझ्या पानात आंब्याची फोड ठेवली आणि मी ती खाल्ली, तेव्हाही सांगितले नाही. तेरावे झाल्यावर वडिलांनी मला परत पुण्याला पोचवले. त्या रात्री काकांनी एक शब्द न बोलता घोड्याची गोष्ट जिथे राहिली होती तिथून पुढे सुरू केली. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती.

शेवटचे पुस्तक, ‘द लास्ट बॅटल’, काकांनी वाचून दाखवले नाही. “मोठा झालास की तुझं तू वाच,” म्हणाले. अकरावीत असताना मी ते वाचले. त्यात डिगरी आणि पॉली नावाचे दोन वृद्ध येतात, पुरून ठेवलेल्या अंगठ्यांचा काही उल्लेख येतो, आणि मला काही उमगेना. मी काकांना विचारले. काका म्हणाले, “ते दुसऱ्या एका पुस्तकात आहे. ते आपल्याकडे नाही.” आणि लाल झाले. ते लाल झाले हे मला आज आठवते आहे. तेव्हा दिसले होते, पण त्याचा अर्थ लावण्याचे मला कारण नव्हते.

दुसरीकडून मिळवून वाचता आले असते. मिळवले नाही. आधी आळस, मग मराठीत एम.ए. करणाराचा ताठा, मग सिद्धान्त. माणूस एखादी गोष्ट करीत नाही आणि मग ती का करू नये याची तात्त्विक बैठक तयार करतो. प्राध्यापकाला ती सोय थोडी अधिक असते, इतकेच.

काका २०१९ साली गेले. मावशी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. नारायण पेठेतला वाडा पाडून तिथे नवी इमारत व्हायची आहे, म्हणून मे महिन्यात एका रविवारी मी सामान आवरायला गेलो. कपाटातली तपकिरी कव्हरे खाली काढली. प्रत्येकाच्या कण्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरांत नाव, आणि आत पहिल्या पानावर सही, ‘अप्पा बळवंत चौक’ आणि तारीख, ८-१-१९८९. सहाही पुस्तके जुन्या बाजारात एकाच दिवशी घेतलेली. मी ती दोरीने बांधली. तेवढ्यात मावशी आपल्या गोदरेजच्या कपाटातून लुगड्यांच्या घड्या काढीत होती, ती म्हणाली, “थांब रे, हेही त्यांच्यातलंच आहे. ने बाई आता.” आणि तिने सातवे माझ्या हातात दिले. तसेच तपकिरी कव्हर. कण्यावर मात्र नाव नाही. आत सही, चौक, आणि तीच तारीख.

“हे तुझ्या कपाटात कसं?”

“तू सगळी फडताळं उपसायचास ना! मग ठेवणार कुठं?” मावशी म्हणाली. तिने एक लुगडे झटकले, पुन्हा घडी घातली. “तुझ्या आईचं तेव्हा ते चाललेलं. हे म्हणाले, यातला मुलगा आईसाठी कुठूनसं फळ आणतो नि ती बरी होते. म्हणाले, हे मी त्याला वाचून दाखवलं तर उद्या तो मला विचारील, काका, ते फळ कुठं मिळतं? मी काय सांगू?”

“पण नंतर? मी अकरावीत होतो तेव्हा?”

“एकदा नाही म्हणून बसले होते. मग आहे कसं म्हणणार?”

त्या रात्री, रिकाम्या झालेल्या त्याच गॅलरीत सतरंजी टाकून, मी सेहेचाळिसाव्या वर्षी सातवे पुस्तक वाचले.

पहिल्याच पानांत मला थांबावे लागले. इंग्रजीतला ‘अंकल’ हा एक आळशी शब्द आहे. तो काका, मामा, आत्याचे यजमान सगळ्यांना एकाच खुंटीला टांगतो. पण मराठीत सांगायचे तर नाते ठरवावेच लागते. लंडनमधल्या ज्या घरात डिगरी राहतो ते घर त्याच्या आईच्या भावंडांचे आहे. म्हणजे जादूगार अँड्र्यू हा त्याचा मामा, घर चालवणारी लेटी ही मावशी, आणि पुस्तकाचे नाव मराठीत ‘जादूगाराचा भाचा’. मामा दुष्ट निघतो. कंस आणि शकुनी यांच्या देशातल्या वाचकाला याचे नवल वाटायचे कारण नाही. (आमच्या कन्येचे मामा बँकेत आहेत आणि वाढदिवसाला पुस्तके देतात, हे इथे नमूद केले पाहिजे, नाहीतर न्यायासनाकडून माझी धडगत नाही.) वडील दूर, नोकरीनिमित्त, आणि कुठे तर हिंदुस्थानात! आई अंथरुणावर. मुलगा मावशीच्या घरी. पाहुणीने द्राक्षे आणलेली असतात आणि लेटीमावशी तिला सांगत असते, की आता नवतारुण्याच्या देशातली फळे मिळाली तरच काही उपयोग. आणि मुलगा ते ऐकतो.

मला वाटले काका माझ्या शेजारी बसून हे वाचताहेत, आणि त्यांनी पुस्तक मिटले.

पुस्तकाविषयी आता मास्तराच्या नात्याने बोलतो. मामाने अंगठ्या केल्या आहेत : पिवळीने या जगातून बाहेर जायचे, हिरवीने परत यायचे, निदान मामाची समजूत तशी. स्वतः जाण्याची हिंमत नाही, म्हणून आधी गिनिपिग आणि मग शेजारची पॉली. ती जगांमधली राई, जिथे प्रत्येक डबके म्हणजे एका जगाचे दार, तिथे काही घडत नाही आणि झोप येते; ही कल्पना फार मोठी आहे, आणि लुइस तिच्यावर चार पाने खर्च करून पुढे जातो! मी असतो तर तिथेच वस्ती केली असती. मग चार्न, मेलेल्या सूर्याखालचे मेलेले शहर, रांगेने बसलेले राजे-राण्या, आणि एक घंटा. घंटा वाजवू नये असे पॉली म्हणते आणि डिगरी वाजवतो. चेटकीण उठते ती अशी. म्हणजे ज्या चेटकिणीच्या थंडीने मी अकराव्या वर्षी कुडकुडलो, तिला जागे करणारा हा आईवेडा पोरच! लंडनमध्ये येऊन तीच बाई दिव्याच्या खांबाचा एक तुकडा मोडून घेते. नव्या, अजून काळोखात असलेल्या जगात सिंह गाणे म्हणतो आणि गाण्याबरोबर तारे, डोंगर, गवत, जनावरे उगवत येतात. ती तो लोखंडी तुकडा सिंहाच्या कपाळावर फेकते, सिंहाला काही होत नाही, आणि जिथे तुकडा पडतो तिथे ती कोवळी माती त्याचेच झाड करते. म्हणजे खांब रोवलेला नव्हे, उगवलेला!

माझ्या सिद्धान्ताचे काय झाले? निम्मे खरे ठरले. खांबाचा खुलासा मजेदार आहे, पण बर्फातला तो पहिला, बिनखुलाशाचा खांब त्याहून मोठा होता. शेवटी गाडीवानाला नि त्याच्या बायकोला राजा-राणी करून टाकणे वगैरे आवराआवरही मला जरा नाटकाच्या पाचव्या अंकातली वाटली. मामाचे प्रकरण मात्र पहिल्या दर्जाचे. सिंहाचे गाणे आपल्याला ऐकू येता कामा नये असे तो मनाशी घोकत राहतो आणि अखेर त्याला खरोखरच नुसती डरकाळी ऐकू येऊ लागते. परीक्षणे लिहिताना माझे असे कितीदा झाले असेल, हा विचार मी फार वेळ केला नाही.

आणि आधीची गोष्ट मागाहून सांगावी की नाही, याविषयी मी वाद घालायलाच नको होता. आपल्याकडे तर ती जुनी चाल आहे. रावणाचे कुळमूळ काय, त्याला वर कसे मिळाले, हनुमंताने बाळपणी काय केले, हे उत्तरकांडात येते. लंका पडली, राज्याभिषेक झाला, आणि मग अगस्ती ऋषी दरबारात बसून रामाला ते सांगतात. ज्याला मारले तो कोण होता, हे मारून झाल्यावर! इंग्रजीतही असल्या मागाहून येणाऱ्या पूर्वकथेसाठी निराळा शब्द अलीकडचाच. आपण ‘कांड’ म्हणून मोकळे झालो होतो.

पण मला खरे सांगायचे आहे ते फळाविषयी. सिंह डिगरीला दूरच्या बागेतले एक फळ आणायला पाठवतो, स्वतःसाठी नव्हे, नार्नियाच्या रक्षणासाठी. त्याआधी क्षणभर मुलाच्या मनात येते, की याला म्हणावे, माझ्या आईला बरी कर, मग करतो तुझे काम. आणि लगेच त्याला कळते की याच्याशी सौदा होणार नाही. हे वाचताना मला आंब्याची फोड आठवली. मग न राहवून तो आईचे नाव काढतो, मान वर करतो, तर सिंहाचे डोळे भरलेले, त्याच्या स्वतःच्या अश्रूंहूनही मोठ्या अश्रूंनी. बागेत चेटकीण भेटते. ती म्हणते, चोर हे फळ, ने सरळ आईकडे, सिंह तुझा कोण लागतो? इतका रास्त सल्ला मोहाच्या प्रसंगात कोणी कोणाला दिला नसेल. मुलगा नाही म्हणतो. फळ सिंहाला देतो. ते पेरतात, झाड होते, आणि मग सिंह त्या झाडाचे फळ त्याला आईसाठी देतो. मुलगा ते सोलतो, फोडी करतो, आणि एकेक फोड आईला भरवतो. त्या फळाच्या गराचे झाड मुलगा लंडनच्या परसात लावतो. पुढे तो प्राध्यापक होतो, झाड वादळात पडते, आणि त्या लाकडाचे तो कपाट करून घेतो. तेच ते कपाट.

पुण्याहून परतल्यावर मी लुइसचे चरित्र काढून बसलो. त्याची आई फ्लोरा ऑगस्ट १९०८ मध्ये कर्करोगाने गेली. तो नऊ वर्षांचा होता. ती बरी व्हावी म्हणून त्याने प्रार्थना केली. आणि पुढे लिहिताना स्वतःच म्हटले, की त्या वेळी मी देवाकडे एक जादूगार म्हणूनच पाहत होतो. हे ज्या आत्मचरित्रात आहे ते ‘सरप्राइज्ड बाय जॉय’ १९५५ सालचे. आणि ‘जादूगाराचा भाचा’ही १९५५ सालचाच. एकाच वर्षी एका पुस्तकात आई गेली ती गेली, आणि दुसऱ्यात तिने फळ खाल्ले आणि ती उठून बसली. हे पुस्तक त्याच्या हातून लवकर उतरेनाही. कपाटाच्या गोष्टीनंतर लगेच त्याने ते हाती घेतले, बाजूला ठेवले, पुन्हा घेतले. मालिकेचा शेवट लिहून झाला तरी सुरुवात अपुरी होती, ती १९५४ मध्ये पुरी झाली. पंचावन्न वर्षांचा झाला होता तो. रोज पोरांना शिकवीत होता, पाइप ओढीत होता, पत्रांना उत्तरे देत होता.

काकांनी बरे केले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. गॅलरीतल्या त्या रात्री मला त्यांचा राग आला होता, हे लपवीत नाही. मला ते फळ हवे होते. गोष्टीतले का होईना, निदान एका रात्रीपुरते. पण मी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलेच असते, आणि त्या माणसाला खोटे बोलता येत नव्हते. जन्मात एकदाच त्यांनी ते केले, आणि मग तीस वर्षे त्या खोट्याची लुगड्यांच्या घडीखाली जपणूक केली. मावशीला मी विचारले, की ते कधी याबद्दल बोलले का? ती म्हणाली, “तू नोकरीला लागलास तेव्हा म्हणाले, आता देऊ या का त्याला? मी म्हटलं, द्या की. मग राहूनच गेलं.”

तंटा मी मागे घेतला. घरी येऊन पाहतो तो कन्येने एक नंबरचे पुस्तक दोन दिवसांपूर्वीच संपवलेले. आईने फळ खाल्ले त्या पानाशी तुला काय वाटले, असे मी तिला विचारले. “छान वाटलं,” ती म्हणाली. “मला माहीतच होतं ती बरी होणार.” आत सौ. कुकर लावीत होती, शिट्टी झाली, कन्या उठून आईला काहीतरी विचारायला गेली आणि परत आली.

दुसरे पुस्तक मी तिला काकांसारखे, इंग्रजीतून पाहून मराठीत, वाचून दाखवावे असे ठरले. तुंबरू तिला पसंत पडला नाही. टम्नसच ठेवा म्हणाली. ल्यूसी कपाटात शिरली. कोट संपले, बर्फ लागले. पुढे काय येणार ते मला ठाऊक होते, आणि मी जरा थांबलो; गॅलरीत काका थांबत तितकाच.

“खांब ना?” कन्या म्हणाली. “आता मोठा झाला असेल.”